डाव्या हाताचा मफलर

"पण बाई, भोक बुजवणं हा काय गुन्हा झाला?"

शैलजा दारातूनच बोलली. चपला पायात, हातातली पिशवी छातीशी धरलेली, आणि चढ चढून आल्यामुळे लागलेली धाप.

एस्तेरबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर पाचगणीचं धुकं सिल्व्हर ओकच्या खोडांना लगटून उभं होतं. बाईंच्या हातात सुया चालल्या होत्या.

"चपला काढ," त्या म्हणाल्या. "आणि माझी ओळ पुरी होऊ दे."

शैलजा सतरंजीवर बसली. बाईंची ओळ काही केल्या पुरी होईना. एकेक टाका त्या बोटानं चाचपत, थांबत, पुढे सरकवत होत्या.

एस्तेरबाई साळवे यांनी उभं आयुष्य तिथल्या एका मुलींच्या शाळेत विणकाम शिकवलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळायचा. विणणं मात्र थांबलं नव्हतं. चर्चमध्ये कुणाचं बाळ बाप्तिस्म्याला आलं, की त्याच्या डोक्यावर बाईंचं टोपडं असायचंच.

आणि शैलजा भिलारे ही त्यांच्या हाताखालून गेलेल्यांतली सगळ्यात तयार मुलगी. आता ती मुलगी राहिली नव्हती. लग्न झालं होतं, लेक झाली होती, आणि घरच्या पुढच्या खोलीत ती स्वतःच विणकामाचा वर्ग चालवायची. भिलारेवहिनींचा स्वेटर म्हणजे आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, ओळखून दाखवा, असं बायका म्हणायच्या. सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांना पट्टे, दिरांना बंडी, नणंदेच्या तान्ह्याला मोजे... घरात जो जो कुडकुडला, त्याच्या अंगावर शैलजाची लोकर चढली. कुणाला काही द्यायचं तर ते नीटनेटकंच असलं पाहिजे, असा तिचा कटाक्ष होता. तिच्या हातून चूक होत नसे. आणि दुसऱ्याच्या हातून झालेली तिला बघवत नसे.

"हं," बाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. "कुणाचं भोक बुजवलंस?"

"अशूच्या मफलरचं."

अशू म्हणजे अश्विनी, शैलजाची लेक. यंदाच पाचवीत गेलेली, हडकुळी, हट्टी.

शैलजानं सगळं सांगितलं.

तिचा नवरा विलास एस.टी.वर ड्रायव्हर. सकाळची पहिली गाडी त्याची. थंडीच्या दिवसांत पसरणी घाट उतरताना वारं असं काही लागायचं की वाईला पोचेपर्यंत कान बधिर. अशूला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून आईच्या उरलेल्या लोकरी गोळा केल्या, निळी, विटकरी, थोडी पिवळी, आणि बाबांच्या वाढदिवसासाठी मफलर विणायला घेतला. पिठाच्या डब्यामागे तो लपवून ठेवायची. आईला दिसू नये म्हणून नव्हे, बाबांना दिसू नये म्हणून.

"आणि मला दिसला," शैलजा म्हणाली. "बाई, काय सांगू... मध्ये रुंद, टोकाला अरुंद. काठ म्हणजे नागमोडी रस्ता. आणि मधोमध एक भोक. अंगठा जाईल एवढं. असा मफलर घालून हे डेपोत गेले असते तर लोक काय म्हणाले असते? भिलारेवहिनींच्या घरचा मफलर!"

बाईंनी कान तिच्याकडे केला.

"मी फक्त भोक बुजवायला घेतलं होतं. ती शाळेत गेली होती. पण भोकाच्या खाली टाके सुटलेले. ते धरायला गेले तर अजून खालच्या ओळी सैल. मग... उसवला थोडा. मग अजून थोडा. दोन दुपारींत सगळा नीट करून जागच्या जागी ठेवला. रंग तेच. पट्टे तेच. मला वाटलं, तिला कळणारही नाही."

"कळलं?"

शैलजा म्हणाली, "वाढदिवशी यांनी गळ्याला गुंडाळला. खूश झाले. अशू जवळ गेली. दोन्ही हातांनी मफलर चाचपायला लागली. काहीतरी शोधत होती... इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग हात काढून घेतले आणि म्हणाली, 'हा माझा नाही.'"

"मग?"

"मग काही नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सुया आणल्या, माझ्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. तेव्हापासून लोकरीला हात नाही. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. वाढ. झालं. जाते. हेही मफलर घालत नाहीत. म्हणतात, पोरीनं तिचा नाही म्हटलंय, मी कसा घालू? रोज उघड्या कानांनी जातात. आणि सगळ्यांसाठी विणणारी मी, घरात चोरासारखी फिरते."

"आणलायस?"

शैलजानं पिशवीतून मफलर काढून बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंची बोटं त्यावरून फिरली. काठावरून. पट्ट्यांच्या जोडावरून. परत काठावरून.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "कुणी विणला?"

"अशूनं."

बाईंची बोटं फिरतच राहिली.

"कुणी विणला?"

"अशूनं... आणि मी."

बोटं थांबली नाहीत. खिडकीबाहेर धुकं पुढे सरकलं, झाडं दिसेनाशी झाली.

"कुणी..."

"मी," शैलजा म्हणाली. "मी विणला, बाई."

"तेच म्हणते. या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधली, पोरगी कुठं सापडली नाही मला."

शैलजाला ते लागलं. लागलं म्हणून तिला राग आला, आणि राग आला म्हणून ती जुनं बोलून गेली.

"आणि तुम्ही काय करायचात? माझा पहिला स्वेटर आठवतो? बाही पूर्ण झाली होती. तुम्ही बोट ठेवलंत आणि म्हणालात, इथपर्यंत उसव. मी रडले तरी सोडलं नाहीत. तेव्हा चूक राहू दिलीत का?"

"नाही दिली," बाई म्हणाल्या. "उसवला कुणी?"

"मीच."

"परत विणला कुणी?"

"...मीच."

"तुझ्या सुईला मी हात लावला?"

शैलजानं आठवून बघितलं. वर्गातली बाकं आठवली, बाईंचा पांढरा पदर आठवला, लोकरीवर टेकलेलं त्यांचं बोट आठवलं. बोट टेकायचं आणि उचललं जायचं. सुईवर त्यांचा हात... आठवेना.



"मग आता काय करू?" शेवटी तिनं विचारलं. "परत उसवू?"

"उसवून तिचं भोक परत येईल?"

"तिची माफी मागते."

"माग. मागायलाच हवी."

"तेवढ्यानं होईल?"

बाईंनी मफलरची घडी घातली. "विणते कशी ती?"

"कशी म्हणजे? वेडीवाकडी. त्यात डावखुरी. किती वेळा सांगितलं, उजव्या हातानं उचल टाका. दोनदा हात धरून दाखवलं, तर सुया टाकून पळाली. नंतर कुठून शिकली देव जाणे. सगळंच उलटं."

"डावखुरी?" बाईंचा चेहरा एकदम उजळला. "मला डाव्या हातानं विणता येत नाही. तुला येतं?"

"मला कसं येईल?"

"म्हणजे आपल्या तिघींत एकीलाच येतं." बाईंनी मफलर तिच्याकडे सरकवला. "जा. शीक तिच्याकडून."

शैलजाला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

"ती मला काय शिकवणार, बाई? तिला अजून टाके धड बंद करता येत नाहीत."

बाईंनी सुया उचलल्या, बोटानं टाका चाचपला, आणि पुढची ओळ सुरू केली. शैलजा आली आहे हे जणू त्या विसरूनच गेल्या.

घरी येईपर्यंत शैलजाच्या डोक्यात तेच घोळत होतं. वर्गातल्या बायकांनी बघितलं तर? शिकवणाऱ्या बाई लेकीपुढे सुया घेऊन बसल्यात!

संध्याकाळी तिनं अशूची माफी मागितली. अशू भूगोलाच्या वहीत नकाशा रंगवत होती. "बरं," ती म्हणाली, आणि समुद्र निळा करत राहिली.

एवढंच. 'बरं.' शैलजाला वाटलं, यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

रविवारी दुपारी विलास ड्युटीवर होता. मागच्या ओट्यावर ऊन आलं होतं, सासूबाई गुडघ्यांना पट्टे चढवून उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. अशू कडेला शेंगा सोलत होती. शैलजा सुया आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा घेऊन बाहेर आली आणि तिच्या समोर मांडी घालून बसली.

"अशू, मला डाव्या हातानं विणायला शिकव."

अशूनं शेंग खाली ठेवली. आईच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं.

"कशाला?"

"मला येत नाही म्हणून."

"एस्तेरआजींनी सांगितलंय?"

"हो."

"शिक्षा म्हणून?"

शैलजाला खोटं बोलवेना. "...असेल तसंच."

अशूच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं फ्रॉकला हात पुसले.

"समोर नको. शेजारी बस."

"का?"

"समोरून बघितलं की उलटं होतं. तू बायकांना शिकवायचीस ना, तेव्हा मी तुझ्या समोर बसायचे. आरशात बघतात तसं. तुझा उजवा हात जसा चालायचा तसा माझा डावा चालवायचे. म्हणून मला सगळं उलटं आलं." तिनं थोडा विचार केला. "म्हणजे माझं सुलटच."

पोरगी कुठून शिकली म्हणे, देव जाणे! इतके दिवस ती दारालगत बसायची ते शैलजाला दिसत होतं. तिला वाटायचं, पोर आपली रेंगाळतेय.

ती उठली आणि लेकीच्या शेजारी बसली.

मग जे काही झालं ते बघून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्या हातांनी गावातल्या निम्म्या पोरांना टोपडी घातली, त्या हातांना एक टाका उचलता येईना. डावी सुई उजव्या सुईत अडके. लोकर भलत्याच बोटाला गुंडाळली जाई. टाका उचलावा तर शेजारचा गळे.

"घट्ट नको धरू," अशू म्हणाली. "सुई काय पळून जातेय?"

हे शैलजाचंच वाक्य होतं. रोज वर्गात म्हणायची ती.

दोन-चार बोटं रुंदीची पट्टी कशीबशी सुरू झाली. वेडीवाकडी, पण वाढायला लागली. ऊन कलत गेलं. शेंगा तशाच राहिल्या. शैलजाच्या कपाळावर घाम आला, जीभ ओठाबाहेर आली, आणि ते तिचं तिला कळलंही नाही. इतक्या वर्षांत विणताना तिला हातांकडे बघावंच लागलं नव्हतं. आता प्रत्येक टाका नवा होता. एक ओळ बिनचूक पार पडली तेव्हा तिनं सासूबाईंना पट्टी उंच करून दाखवली, आणि म्हाताऱ्या बाईनंही "अगं बाई!" म्हणून मान डोलावली.

पुढच्या ओळीत टाका गळला. तिला कळला नाही. ती पुढे विणत गेली आणि पट्टीत भोक पडलं.

अशूला दिसलं.

"आई, थांब. भोक पडलं. दे इकडे, मी करते..."

आणि तिनं सुया धरल्या.

"सोड!" शैलजा ओरडली. सुया तिनं छातीशी ओढून घेतल्या. "माझं आहे ते! माझं मला करू दे!"



शैलजाला आपला आवाज ऐकू आला. शेजारच्या गल्लीत जावा इतका मोठा तो आवाज होता, आणि त्यात लहान मुलीचा हट्ट होता. तिची सुयांवरची पकड तशीच राहिली. ती हळूच लेकीकडे वळली.

अशू तिच्याकडेच बघत होती.

"...असंच वाटलं मला," अशू म्हणाली.

मग मात्र ती रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं, नाक ओढत, हुंदके देत. शैलजानं सुया बाजूला ठेवून तिला कुशीत घेतलं, तर रडता रडताच म्हणाली, "ते भोक होतं ना... तिथं बाबा अचानक घरी आलेले. मी पटकन मफलर लपवला, म्हणून टाका सुटला. मला बाबांना ते दाखवायचं होतं. हे बघा, इथं तुम्ही मला पकडणार होता, असं सांगणार होते..."

"मला काय माहीत, राजा," शैलजा म्हणाली. तिचा पदर भिजला होता. कुणाच्या डोळ्यांनी, ते सांगणं अवघड होतं. "मी विचारलंच नाही."

सासूबाई दुसरीकडे तोंड करून शेंगा सोलायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात डब्याचं झाकण उघडलं. अशूनं आपल्या सुया काढल्या आणि नवा मफलर सुरू केला. या खेपेला लपवाछपवी नव्हती. बाबा घरात असताना त्यांच्या शेजारीच बसून विणायची. टाके सुटायचे. शैलजा कधी नुसतं म्हणायची, "खाली बघ गं." कधी तेही म्हणायची नाही. अशू कधी उसवायची, कधी "असू दे" म्हणून पुढे जायची.

तो पुरा झाला तेव्हा पहिल्याइतकाच नागमोडी होता. भोकंही दोन-तीन होती. विलासनं गळ्याला गुंडाळला, एका भोकातून बोट बाहेर काढून हलवलं.

"झकास," तो म्हणाला. "इथून कानाला जरा वारं लागेल. घाटात झोप यायची भीती नाही."

"आणि हा?" शैलजानं तो जुना, नीटनेटका मफलर पुढे केला. "हा वर्गातल्या कुणाला तरी देऊन टाकते."

"का?" अशू म्हणाली. "तो तू विणलायस ना बाबांसाठी? मग बाबांना तोपण लागेल की."

त्या थंडीत सकाळची पहिली गाडी घेऊन जाणारा ड्रायव्हर गळ्यात दोन मफलर घालायचा. आत सरळ, वर वाकडा. वाईच्या स्टँडवर कुणी हसलं तर म्हणायचा, "आतला बायकोचा, वरचा लेकीचा. तुमच्याकडं आहे का एखादा?"

रविवार बघून शैलजा अशूला घेऊन एस्तेरबाईंकडे गेली. धुकं नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन बाईंच्या मांडीवर पडलं होतं.

अशू बाईंच्या पाया पडली, आणि उन्हात बसावं म्हणून आपलं विणकाम घेऊन बाहेर पायरीवर गेली. आता ती घरच्या आजीसाठी टोपी विणत होती.

शैलजानं घडलेलं सगळं सांगितलं. ओटा, पट्टी, भोक, ती स्वतः कशी ओरडली ते. बाई ऐकत होत्या. मध्येच एकदा खुदकन हसल्या.

"तुझी पट्टी कुठंय?"

"अशूनं घेतली. भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलीय." शैलजा लाजली. "म्हणते, आई, तुझा हात अजून बसला नाही, पण बसेल."

"बसेल," बाई म्हणाल्या.

शैलजाला बसल्या जागेवरून पायरीवरची अशू दिसत होती. वाकलेली मान, डाव्या हाताची लगबग. आणि तिथूनही, एवढ्या लांबूनही, तिला तो दिसला. एक टाका सुईच्या टोकाशी आला, डळमळला, आणि गळला. अशू पुढे विणत गेली.

शैलजाचे हात आपोआप मांडीवरून उचलले गेले. तिनं ते परत खाली ठेवले. एकात एक गुंतवले. घट्ट धरले.

"बाई," ती हळूच म्हणाली. "मला सगळं कळलंय. खरंच कळलंय. पण अजून चूक दिसते. डोळ्यांना कसं सांगू, बघू नका म्हणून? आणि दिसली की हात शिवशिवतात. आता या क्षणालासुद्धा. काय करू या हातांचं?"

एस्तेरबाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेरून सुयांची बारीक टिकटिक ऐकू येत होती. बराच वेळ त्या ती ऐकत राहिल्या.

"चहा टाकत जा," त्या म्हणाल्या. "साखर मात्र तिला विचारून घाल."